नाव तेच, कारागीर वेगळा

आमचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी. भीमाने बकासुराला मारलं ते इथेच. गावात कुणालाही विचारा, छातीठोकपणे सांगतील. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला येणाऱ्यांना दर्शनाबरोबर ही कथाही ऐकायला मिळते. पण जळगाव जिल्ह्यात एरंडोलला जा, तिथले लोक पांडववाडा दाखवून सांगतील की एकचक्रा म्हणजे आमचं एरंडोल. बंगालात बीरभूम जिल्ह्यात तर चक्क एकचक्रा याच नावाचं गाव आहे. खरं कोण, या वादात मी पडत नाही. (पडलोच तर कुणाच्या बाजूने पडेन हे सांगायला नको!) मुद्दा एवढाच की नुसतं "एकचक्रा" म्हटलं की ऐकणारा कुठे उभा आहे त्यावरून गाव ठरतं. वर्धेकडचा माणूस केळझरला येऊन थांबतो, खानदेशातला एरंडोलला. पहिलं सापडलं की शोध संपला.

पर्ल नावाची संगणकाची भाषा अगदी हेच करते, आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे. आत्या, मामा, तुम्ही लगेच पळू नका. सोपं करून सांगतो.

पर्ल ही लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणलेली भाषा. तिची खरी श्रीमंती म्हणजे मॉड्यूल. मॉड्यूल हा आयता मिळणारा कारागीर समजा. तारखांचा हिशेब करणारा एक, ईमेल पाठवणारा दुसरा, तक्ते वाचणारा तिसरा. १९९५ पासून सीपॅन नावाच्या भांडारात हे कारागीर जगभरच्या लोकांनी फुकट ठेवलेले आहेत. प्रत्येक कारागिराला काही ठरावीक कामं येतात, त्यांना मेथड म्हणायचं. आपण प्रोग्राममध्ये लिहितो, अमक्याला बोलवा आणि त्याच्याकडून तमकं काम करून घ्या. आणि मग एखाद्या जुन्या मशीनवर तो प्रोग्राम चालवला की पर्ल हात झटकून मोकळी होते: "कान्ट लोकेट ऑब्जेक्ट मेथड". कारागीर आला आहे, पण हे काम त्याला येत नाही.

यावर तुम्हाला दहातले नऊ जण एकच सल्ला देतील. अपग्रेड करा. सगळं जुनं आहे, काढून टाका, नवीन टाका. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला नाही, हा प्रश्न न ऐकताच दिलेला जबाब आहे. डॉक्टरकडे जाऊन गुडघा दुखतो म्हणावं आणि त्याने मान वर न करता "वय झालं" म्हणावं, तसं. वय झालं आहे हे खरं असेलही, पण दुसरा गुडघा त्याच वयाचा आहे ना? तो का दुखत नाही?

२०१२ सालचा एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी एवढा का चिडतो ते कळेल. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाचं ग्रंथालय. नाव नको. तिथे कोहा बसवायचं चाललं होतं. कोहा म्हणजे ग्रंथालयाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात ते पहिल्यांदा वापरात आलं. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत आहे. आणि ते लिहिलेलं आहे पर्लमध्ये. ग्रंथालयाचं दाखल रजिस्टर मुलांकडून एक्सेलमध्ये टाइप करून घेतलेलं होतं. ते सीएसव्ही म्हणून साठवायचं, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची एक ओळ आणि मधे स्वल्पविराम. मग एका छोट्या पर्ल स्क्रिप्टने ते वाचून कोहाला समजेल अशा नोंदी करायच्या. स्क्रिप्ट एका हुशार मुलाने आपल्या नव्या लॅपटॉपवर लिहिली. तिथे ती लोण्यासारखी चालली. ग्रंथालयातल्या जुन्या मशीनवर, जिथे २००६ ची पर्ल ५.८.८ होती, ती पहिल्याच झटक्यात मेली. टेक्स्ट::सीएसव्ही या मॉड्यूलमध्ये "गेटलाइन" ही मेथड सापडत नाही, अमुक ओळीवर. बस्स.

आता इथे थोडा इतिहास हवा. टेक्स्ट::सीएसव्हीची पहिली आवृत्ती, ०.०१, १९९७ ची. ती त्यानंतर दहा वर्षं तशीच पडून होती. तिला एक ओळ दिली तर ती फोडून द्यायची, तुकडे दिले तर जोडून द्यायची. फाइलमधून स्वतः एकेक नोंद वाचायचं काम, म्हणजे गेटलाइन, तिला येतच नव्हतं. २००७ मध्ये नव्या माणसाने हे मॉड्यूल हाती घेतलं, नाव तेच ठेवलं आणि आतून जवळजवळ सगळं बदललं. गेटलाइन आलं ते तेव्हा. म्हणजे लॅपटॉपवरचा टेक्स्ट::सीएसव्ही आणि ग्रंथालयातला टेक्स्ट::सीएसव्ही हे नावापुरतेच एक. केळझर आणि एरंडोल!

मी पोचायच्या आधी कुणीतरी "दुरुस्ती" करून गेलं होतं. गेटलाइन नाही ना, मग पर्लकडून साधी एकेक ओळ वाचून घ्यायची आणि जुन्या "पार्स" मेथडला द्यायची. पार्सला जमलं तर नोंद घ्यायची, नाही जमलं तर पुढची ओळ. एरर गेली. स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालली. सगळे खूश, चहा झाला.

आठवड्याने ग्रंथपाल मॅडमचा फोन. "भाऊ, यात इंग्रजी पुस्तकं सगळी दिसतात. पण खांडेकर टाकले तर काहीच येत नाही नं. पु. ल. नाहीत, गौरी देशपांडे नाहीत. मराठीचं कपाट काहून गायब झालं?"

कारण त्या १९९७ च्या कारागिराची एक अट होती, आणि ती त्याच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेली होती. मजकुरात फक्त टॅब आणि साधी छापील आस्की अक्षरं चालतील, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि कीबोर्डवरची चिन्हं. त्यापलीकडचं एक अक्षर जरी दिसलं तरी तो ती पूर्ण ओळ नाकारायचा. देवनागरीची एकही ओळ त्याच्याकडून पुढे जाणार नव्हती. आणि नाकारलेली ओळ निमूटपणे सोडून द्यायची सोय दुरुस्तीवाल्याने करूनच ठेवली होती. गंमत (गंमत कसली!) म्हणजे काही इंग्रजी पुस्तकंही गळली होती. ती कुणाकुणाकडून भेट आलेली होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात दात्याचं नाव मराठीत लिहिलेलं होतं.

म्हणून म्हणतो, ती एरर शत्रू नव्हती. ती त्या मशीनवरची एकमेव शहाणी गोष्ट होती. ती सांगत होती की बाबांनो, तुम्ही ज्याला हाक मारली तो हा नाही. लोकांनी तिचं तोंड बंद केलं आणि त्याच चुकीच्या माणसाकडून काम करून घेतलं. नसलेली मेथड ही क्वचितच एकटी नसते. तिच्याबरोबर आणखी काय काय नसेल, हे शोधायला लावणारी ती पहिली खूण असते.

आता शोधायचं कसं, ते. (इथून पुढचा थोडा भाग घरच्यांनी वाचला नाही तरी चालेल. पण वाचा, कळेल.)

आधी एरर नीट वाचायची. पूर्ण. तिच्यात मेथडचं नाव असतं, पॅकेजचं नाव असतं आणि ओळीचा नंबर. मेथडच्या नावात टायपो असेल तर गोष्ट तिथेच संपली. पॅकेजचं नाव आपल्याला अपेक्षित होतं तेच आहे का? पुष्कळदा नसतं. आपल्याला वाटतं आपल्या हातात एक वस्तू आहे आणि प्रत्यक्षात दुसरीच असते. शिवाय कधीकधी पर्ल शेवटी एक शेपूट जोडते, "परहॅप्स यू फरगॉट टू लोड", म्हणजे हे मॉड्यूल बोलवायचंच राहिलं का? हे शेपूट असेल तर त्या नावाचं कुणी आलेलंच नाही. नसेल तर बहुधा आलेलं आहे, पण काम येत नाही. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत आणि त्यांच्यावर एकच गोळी देणारे लोक मी पाहिले आहेत.

"बहुधा" म्हटलं, कारण एक नामी अपवाद आहे. उघडलेल्या फाइलवर "ऑटोफ्लश" ही मेथड बोलावली की जुन्या पर्लवर आयओ::हँडलमध्ये ती सापडत नाही अशी तक्रार येते, आणि शेपूटही नसतं. मॉड्यूल जुनं आहे म्हणून नव्हे, तर ते वर बोलावलेलंच नसतं म्हणून. २०११ च्या ५.१४ पासून पर्ल गरज पडली की ते स्वतःच आणते, त्यामुळे नव्या मशीनवर वाढलेल्या मुलांना ते बोलवावं लागतं हेच माहीत नसतं. इथे एक ओळ वाढवली की काम फत्ते, अपग्रेड वगैरे काही लागत नाही.

मग पर्ललाच विचारायचं, की बाई, हा कारागीर तू आणलास कुठून? तिच्याकडे "इंक" नावाच्या दोन गोष्टी आहेत (नाव तेच, वस्तू दोन; पर्ल लिहिणाऱ्यांना याची हौसच दिसते). एक यादी आहे, कोणत्या फोल्डरात कोणत्या क्रमाने शोधायचं याची. दुसरी वही आहे, कोणतं मॉड्यूल प्रत्यक्षात कोणत्या फाइलमधून आणलं याची नोंद ठेवणारी. यादीत जे आधी सापडेल ते घ्यायचं आणि पुढे बघायचं नाही, हा पर्लचा नियम. म्हणून एकाच मशीनवर एकाच नावाची दोन मॉड्यूल सुखाने नांदतात आणि त्यातलं एक कुणालाच दिसत नाही. वहीतली ती नोंद छापायची, शेजारी मॉड्यूलची आवृत्ती छापायची. एका ओळीचं काम आहे. त्या ग्रंथालयात ही एक ओळ चालवली तेव्हा उत्तर आलं ०.०१, आणि पुढचं सगळं चित्र पाच मिनिटांत उलगडलं.

पण हे विचारायचं ते त्याच जागी उभं राहून. तुम्ही टर्मिनलवर बसून विचारलंत आणि स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून चालत असेल, तर दोघांच्या याद्या वेगळ्या असू शकतात. तुमच्या लॉगिनमध्ये कुणीतरी "पर्ल५लिब" नावाचा जादा रस्ता लिहून ठेवलेला असतो, क्रॉनला तो माहीत नसतो. शिवाय एकाच मशीनवर दोन पर्लही असतात, एक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेली आणि दुसरी कुणीतरी हौसेने बसवलेली. "मी चालवलं तर चालतं" या वाक्यातला "मी" फार महत्त्वाचा असतो.

या कारागिराला हे काम येतं का, असं थेट विचारायचीही सोय आहे, "कॅन" नावाची. तिच्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नका. काही जुनी मॉड्यूल "ऑटोलोड" नावाची युक्ती वापरतात. अनोळखी काम आलं की ऐनवेळी कुठून तरी करून आणतात, किंवा आपल्याच शब्दांत नकार देतात. उदाहरण सीजीआयचं. २०१४ मध्ये सुरक्षेच्या कारणाने त्यात "मल्टी-पॅरम" नावाची मेथड आली. ती वापरणारी स्क्रिप्ट जुन्या सीजीआयवर टाकली की एरर येते ती "अनडिफाइन्ड सबरूटीन" अशी. शब्द वेगळे, आजार तोच. आणि २०१५ च्या ५.२२ पासून तर सीजीआय पर्लबरोबर येईनासंच झालं, म्हणजे आता उलट्या दिशेने पंचाईत.

बरं, सापडलं. मग करायचं काय?

सिस्टिमच्या पर्लला हात लावायचा नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की घरातले लोक आता नक्कल करून दाखवतात. लिनक्सबरोबर आलेली पर्ल ही आपली नाही, लिनक्सची आहे. तिच्यावर त्या मशीनची स्वतःची कितीतरी कामं चालतात. आपल्या एका स्क्रिप्टसाठी तिथली मॉड्यूल बदलणं म्हणजे आपल्या घरी पाहुणे आले म्हणून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराची भिंत पाडणं. त्याऐवजी एक वेगळं फोल्डर करायचं, हवं ते मॉड्यूल तिथे ठेवायचं आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ लिहायची की आधी इथे बघ. लोकल::लिब नावाचं मॉड्यूल हेच नीटनेटकं करून देतं. टेक्स्ट::सीएसव्हीच्या बाबतीत तर नशीब जोरावर होतं. नव्या आवृत्तीबरोबर निव्वळ पर्लमध्ये लिहिलेला एक पर्याय येतो, त्याला सी कंपायलर लागत नाही. ग्रंथालयातल्या मशीनवर कंपायलर नव्हताच. आजचं एखादं मॉड्यूल जुन्या पर्लवर चालायला नाही म्हणत असेल तर बॅकपॅन नावाच्या संग्रहात त्याच्या जुन्या आवृत्त्या मिळतात. त्यातली जमणारी घ्यायची. फार जुनी नको, फार नवी नको.

मराठीचं कपाट परत आलं. नव्या मॉड्यूलला "बायनरी" हा पर्याय चालू कर म्हणून सांगावं लागतं, म्हणजे ते आस्कीपलीकडची अक्षरं निमूट घेतं. ते सांगितलं. आणि नाकारलेली ओळ सोडून देण्याऐवजी ती छापून तिथेच थांबायचं, असा बदल केला. थांबली दोन-तीनदा. एका पुस्तकाच्या नावात कुणीतरी अवतरण चिन्ह उघडून बंदच केलं नव्हतं. मॅडमनी रजिस्टर काढून ते दुरुस्त केलं.

आता अपग्रेडवाल्यांची बाजू. ती अगदीच खोटी नाही. इंटरनेटला जोडलेलं, सुरक्षेचे बदल बंद झालेलं मशीन वापरत राहणं हा वेडेपणा आहे, आणि तिथे मीही म्हणेन की बदला. पण ग्रंथालयातलं ते मशीन बाहेरच्या जगाला जोडलेलंच नव्हतं. नवीन घ्यायचं तर मागणीपत्र, दरपत्रकं, मंजुरी, म्हणजे वर्ष गेलं. तोवर मुलांनी पुस्तकं मागायची नाहीत का? नवं मशीन ज्यांना मागितल्याबरोबर मिळतं, त्यांना जुन्या मशीनवरचा माणूस आळशी वाटतो. तो आळशी नसतो. त्याच्याकडे जे आहे त्यात तो काम उरकत असतो, आणि त्याला फक्त एवढंच हवं असतं की काय बिघडलं ते कुणीतरी नीट सांगावं.

माझा खरा राग आहे तो आवृत्ती न लिहिणाऱ्यांवर. पर्लमध्ये मॉड्यूल बोलावताना नावापुढे नुसता एक आकडा लिहिता येतो, की निदान एवढी आवृत्ती हवी. टेक्स्ट::सीएसव्हीपुढे त्या मुलाने १.०० एवढं लिहिलं असतं तर जुनी पर्ल चौदाव्या ओळीवर येऊन अडखळली नसती. दारातच म्हणाली असती, १ हवं आहे, इथे फक्त ०.०१ आहे. मग पार्सची पळवाट कुणाला सुचली नसती आणि खांडेकर गळले नसते. एक आकडा! पत्रिका छापायची, नावं, गोत्र, आमचे येथे श्रीकृपेकरून सगळं छापायचं आणि तारीख तेवढी विसरायची, त्यातला प्रकार. मोठमोठ्या लोकांच्या स्क्रिप्टमध्ये हा आकडा नसतो. त्यांच्या मशीनवर नेहमी नवंच असतं, त्यांना कधी लागत नाही.

असो. पुढे ग्रंथालयाला नवीन मशीन मिळालं, २०१६ मध्ये. जुन्यावरचं सगळं तसंच्या तसं त्यावर उतरवलं, ते वेगळं फोल्डरसुद्धा. म्हणजे आता उलटं झालं. नव्या मशीनवर ताजं टेक्स्ट::सीएसव्ही असूनही "आधी इथे बघ" या ओळीमुळे पर्ल आमची २०१२ ची प्रतच उचलणार. मॅडमचा फोन आला. त्या पर्ल शिकलेल्या नाहीत, पण स्क्रिप्ट उघडून वाचतात.

"भाऊ, इथं वर तुम्ही मराठीत लिहून ठेवलं आहे. 'ही ओळ फक्त जुन्या मशीनसाठी. नवीन मशीन आलं की काढून टाका.' मग काढू का?"

"काढा."

"आणि खालची? ती १.०० वाली?"

"ती राहू द्या."